दीडशे रुपयांचा डब्ल्यू १२०९ आणि गाडीचा फॅन: डोकं चांगलं, मनगट कच्चं

रेडिएटर फॅनचा थर्मो स्विच (पाणी तापलं की फॅन चालू करणारा स्विच) गेला की बऱ्याच गॅरेजमध्ये पहिला तोडगा ठरलेला असतो: ‘डायरेक्ट करून देतो.’ चावी फिरवली की फॅन सुरू, चावी काढली की बंद. नाशिकच्या द्वारका चौकात अडकलेल्या जुन्या ८००, ओमनी, झेनकडे कान दिला तर असे डायरेक्ट फॅन ऐकू येतात, अगदी डिसेंबरच्या सकाळीसुद्धा. मोटरचे ब्रश झिजतात, अल्टरनेटरवर कायमचा आठ-दहा अँपिअरचा बोजा राहतो आणि मागे कुणी थर्मोस्टॅटही (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकला असेल तर थंडीत इंजिन धड तापतच नाही. यावर घरच्या घरी उपाय म्हणून सध्या जो तो डब्ल्यू १२०९ हा छोटा टेम्परेचर कंट्रोलर बोर्ड सुचवतो. ऑनलाइन शंभर-दीडशेच्या आसपास मिळतो, प्रोजेक्टचं सामान ठेवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातही असतो.

बोर्ड घेण्यासारखा आहे. पण डायरेक्ट फॅनला नावं ठेवण्याआधी त्याचा एक गुण मान्य करायला हवा: वायरिंग शाबूत आहे तोवर तो इंजिन कधी शिजू देत नाही. घरी केलेला कंट्रोलर बिघडला तर फॅन चालू राहणार की बंद पडणार, यावरच त्याची किंमत ठरते. आणि डब्ल्यू १२०९ पाकिटातून काढून सरळ जोडला तर तो नेमका चुकीच्या बाजूला बिघडतो.

आधी चांगलं ते. बोर्ड १२ व्होल्टवर चालतो, एसटीएम ८ मायक्रोकंट्रोलर, तीन आकडी लाल डिस्प्ले, तीन बटणं, एक रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि वायरसकट स्टीलच्या टोपीतला सेन्सर. रेंज उणे ५० ते ११० अंश. सेट बटण एकदा दाबलं की नेमायचं तापमान, पाच सेकंद दाबून धरलं की पी० ते पी६ अशी सेटिंग्ज. वीज गेली तरी सेटिंग पुसत नाही. गाडीच्या काट्यावर ‘सी’ आणि ‘एच’ यांच्यात काय चाललंय ते कधीच नीट कळत नाही. इथे आकडा दिसतो. नुसतं मीटर म्हणून लावला तरी पैसे वसूल.

आता मनगट. बोर्डावरच्या निळ्या रिलेवर मोठे आकडे छापलेले असतात, ते वाचून लोक फॅन थेट के० आणि के१ या टर्मिनलना जोडतात. छोट्या गाडीचा फॅन चालताना ७ ते १२ अँपिअर घेतो, सुरू होताना क्षणभर त्याच्या तिप्पट-चौपट. छापलेला आकडा रिलेचा आहे, त्याखालच्या पातळ तांब्याच्या पट्टीचा आणि चिमुकल्या स्क्रू टर्मिनलचा नव्हे. व्हायचं ते दोनपैकी एक होतं: कॉन्टॅक्ट चिकटतात आणि फॅन कायमचा चालू राहतो, किंवा पट्टी जळते आणि फॅन मेला. पहिलं परवडलं, दुसरं नाही. म्हणून बोर्डाने फक्त गाडीच्या वेगळ्या, मोठ्या रिलेची कॉइल (रिले ओढणारं आतलं वेटोळं) चालवावी. त्या कॉइलचा रोध साधारण ८०-९० ओहम, म्हणजे करंट जेमतेम १५० मिलिअँपिअर. एवढ्याला बोर्डाचा रिले वर्षानुवर्षं काही म्हणणार नाही.

गाडीचा रिले पाच पायांचा घ्यायचा, होल्डरसकट. पाय ३०, ८५, ८६, ८७ आणि मधला ८७ए. ८५-८६ कॉइलचे; कॉइलला करंट मिळून रिले ओढला की ३० हा ८७ला जोडला जातो, सुटला की ८७एला. द्वारका ते मुंबई नाका पट्ट्यातल्या ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात मागितला तर हमखास मिळतो, पण पाच पाय दिसले म्हणून विश्वास ठेवू नका. काही रिलेंमध्ये मधला पाय ८७ए नसून दुसरा ८७ असतो. दुकानातच मल्टीमीटर बीपवर ठेवून ३० आणि मधला पाय तपासा. कॉइलला करंट नसताना बीप वाजलीच पाहिजे. नाही वाजली तर तो रिले या कामाचा नाही. ८७एची क्षमता ८७पेक्षा कमी असते, ‘३०/४०’ असं लिहिलेलं असतं त्यातला ३० त्याचा. बारा अँपिअरच्या फॅनला तेवढं रग्गड आहे.

हा ८७ए कशाला, तर सगळी मख्खी तिथेच आहे. बोर्डाला दोन चाली आहेत: पी० मध्ये ‘सी’ म्हणजे कूलिंग, ‘एच’ म्हणजे हीटिंग. फॅन थंड करतो म्हणून सगळे ‘सी’ लावतात. मग गरम झालं की बोर्डाचा रिले ओढतो, त्याने मोठा रिले ओढतो, फॅन चालतो. बोर्डाचा फ्यूज उडाला, रेग्युलेटर (बोर्डाला ठरावीक व्होल्ट देणारा भाग) गेला, कॉइलची वायर तुटली, काहीही झालं तरी फॅन बंद. त्याऐवजी ‘एच’ लावा आणि फॅनला ८७एवरून करंट द्या. आता इंजिन थंड असताना रिले ओढलेला, फॅन बंद. गरम झालं की बोर्ड रिले सोडतो आणि फॅन चालू होतो. बोर्ड मेला, कॉइल जळली, वायर उंदराने कुरतडली तरी रिले सुटतो आणि फॅन फिरत राहतो. खर्च काय, तर थंड असताना कॉइलचे १५० मिलिअँपिअर. फुकटच म्हणायचं.

मात्र यात एक पथ्य आहे. ३० नंबरला बॅटरीचा डायरेक्ट सप्लाय दिलात तर चावी काढल्यावर कॉइल सुटेल, फॅन रात्रभर फिरेल आणि सकाळी गाडी धक्कास्टार्ट करावी लागेल. म्हणून आधी एक साधा चार पायांचा रिले: त्याच्या ३०ला बॅटरीवरून फ्यूजमधून सप्लाय, कॉइल इग्निशनवर, आणि त्याचा ८७ पुढे पाच पायांच्या रिलेच्या ३०ला. कॉइलसाठी एसी किंवा हीटरच्या ब्लोअरचा सप्लाय घेतला तर आणखी चांगलं, कारण बहुतेक गाड्यांत स्टार्टर मारताना तो तुटतो आणि त्या क्षणी फॅनचा बोजा बॅटरीवर येत नाही. कंट्रोलर बोर्डालाही तोच सप्लाय द्या. चावी फिरवल्यावर बोर्ड जागा होईपर्यंत फॅन क्षणभर घर्र करून थांबेल. कुणाला तो दोष वाटतो. आमच्या मते ही रोजची फुकट चाचणी आहे: घर्र ऐकू आलं नाही त्या दिवशी बोनेट उघडायचं.

वायर आणि फ्यूज यांत काटकसर नको. दहा-बारा अँपिअरच्या फॅनला २.५ चौरस मिलिमीटरची वायर आणि २० अँपिअरचा फ्यूज, फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर. वीस-पंचवीस अँपिअर खाणारा मोठा फॅन असेल तर ४ चौरस मिलिमीटर आणि ३० अँपिअर, शिवाय ८७ए त्याच्या काठावर येतो, तेव्हा एका फॅनला एक रिले. वायरीच्या टोकाचे लग दाबून (क्रिम्प करून) घ्या. नुसती पिळून टेप गुंडाळलेली जोडणी पहिल्याच पावसाळ्यात हिरवी होते. दोन्ही रिलेंच्या कॉइलवर, ८५ आणि ८६ मध्ये, १एन४००७ डायोड उलटा, पट्टीची बाजू प्लसकडे. तो नसेल तर कॉइल सुटताना उठणारा झटका बोर्डाच्या रिलेचे कॉन्टॅक्ट हळूहळू खातो आणि कधीकधी डिस्प्लेही गोठवतो. रिलेच्या आतच डायोड असेल तर ८६ला प्लस, उलटं जोडलं तर शॉर्ट.

जोडण्याआधी आणखी एक गोष्ट टेस्ट लॅम्पने बघायची: गाडीचा फॅन प्लसकडून चालू-बंद होतो की अर्थकडून (बॉडीला जोडलेल्या मायनसकडून). इग्निशन चालू, फॅन बंद अशा वेळी फॅनच्या सॉकेटवर प्लस येत असेल तर थर्मो स्विच अर्थ तोडतोय. अशा गाडीत रिलेचा ३० फॅनच्या मायनसला आणि ८७ए बॉडीच्या अर्थला. फॅनचा प्लस इग्निशननेच तुटत असेल तर वरचा वेगळा रिलेही लागत नाही. तो थेट बॅटरीचा असेल तर लागतोच.

आता सेन्सर, आणि तक्रारींचा खरा ढीग इथेच आहे. आत १० किलो-ओहमचा एनटीसी (तापमानाप्रमाणे रोध बदलणारा भाग) आहे, बीटा, म्हणजे रोध किती झपाट्याने उतरतो त्याचा आकडा, ३९५०. तापेल तसा रोध उतरतो: २५ अंशांना १०,००० ओहम, ९० अंशांना साधारण ९३०, १०० अंशांना ७००. म्हणजे आपल्या कामाच्या पट्ट्यात एका अंशाला उणेपुरे २४ ओहम. सेन्सरची वायर लांबवताना केलेल्या जोडणीत गंजामुळे पन्नास ओहम वाढले तर बोर्डाला इंजिन दोन अंश थंड दिसतं. वायर पूर्ण तुटली तर रोध अनंत, म्हणजे बोर्डाच्या लेखी कडाक्याची थंडी! डिस्प्लेवर ‘एलएलएल’ येतं. अशा वेळी रिले सोडायचा की धरून ठेवायचा हे बोर्डातल्या प्रोग्रामवर आहे, आणि या नावाने विकल्या जाणाऱ्या सगळ्या बोर्डांत तो एकच असेल असं धरून चालू नका. म्हणून टेबलावरच परीक्षा घ्या: ‘एच’ लावा, रिले ओढलेला असताना सेन्सरचं पांढरं सॉकेट उपसा. टक् करून रिले सुटला तर बोर्ड पास. ओढलेलाच राहिला तर तो बोर्ड मीटर म्हणून वापरा, फॅनच्या वाटेला नेऊ नका. ही एक चाचणी न करता लावलेला कंट्रोलर डायरेक्ट फॅनपेक्षा वाईट.

ते पांढरं सॉकेट गाडीच्या हादऱ्यांनी ढिलं होतं. सिलिकॉनचा थेंब लावा, पण सुकताना व्हिनेगरसारखा वास येणारा नको, तो तांबं खातो. हॉट ग्लू उन्हात उभ्या गाडीत मऊ पडतो.

सेन्सर बसवायचा कुठे? जाळीच्या पात्यांत खोचायचा नाही. तिथे तो पाण्याचं कमी आणि हवेचं तापमान जास्त दाखवतो, आणि फॅन सुरू झाला की वाऱ्याने लगेच थंड होऊन फॅन बंद करतो. मग दर अर्ध्या मिनिटाला चालू-बंद, चालू-बंद. होज (रबरी नळी) आणि पाइप यांच्या मधे वायर सरकवायची युक्ती अनेकांना सुचते. क्लॅम्प कितीही आवळा, तिथून कुलंट झिरपणारच. जुन्या पितळी रेडिएटरला वरच्या होजचा धातूचा पाइप असतो; त्यावर थर्मल पेस्ट लावून सेन्सर होज क्लॅम्पने आवळायचा आणि वरून फोमची पट्टी गुंडाळायची, म्हणजे वारा लागत नाही. असा सेन्सर आतल्या पाण्यापेक्षा काही अंश कमीच दाखवतो. नव्या अ‍ॅल्युमिनियम रेडिएटरच्या टाक्या प्लॅस्टिकच्या, तिथे ही सोय नाही. तेव्हा वरचा होज कापून मधे धातूचा जोडतुकडा टाकावा लागतो. तयार मिळतो, नाहीतर अंबड किंवा सातपूरच्या लेथवाल्याकडून होजच्या आतल्या मापाचा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा टर्न करून घ्या, बाजूला सेन्सरच्या टोपीच्या मापाचं आंधळं भोक. भोक आरपार नको. टोपी पाण्यात बुडवायची गरज नाही, पेस्ट भरून कोंबली की पुरतं. सोबतची वायर मात्र साध्या प्लॅस्टिकची आहे. एक्झॉस्टच्या बाजूने नेली तर वितळते, फायबरग्लासची स्लीव्ह चढवा आणि स्पार्क प्लगच्या वायरींपासून लांब ठेवा. आकडा नाचत असेल तर बोर्डाजवळ सेन्सरच्या दोन पायांत १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावा.

सेन्सर बरोबर दाखवतो का हे उकळत्या पाण्यात बघण्याची पद्धत चांगली आहे, फक्त नाशिकमध्ये पाणी १०० अंशांना उकळत नाही. शहर सुमारे ६०० मीटर उंचीवर, त्यामुळे उघड्या पातेल्यात उकळी ९८ अंशांच्या आसपास फुटते. बोर्ड ९८ दाखवत असेल तर तो बरोबर आहे; पी४ या दुरुस्तीच्या सेटिंगने दोन अंश वाढवून त्याला १०० म्हणायला लावू नका. पी४मध्ये सात अंशांपर्यंतच दुरुस्ती होते. त्याहून जास्त फरक दिसला तर बसवण्यात चूक आहे, सेन्सरमध्ये नव्हे.

आकडे काय ठेवायचे ते गाडीच्या थर्मोस्टॅटवर. त्याच्यावर छापलेलं असतं, बहुधा ८२ किंवा ८८. फॅन त्याच्या दहा-बारा अंश वर सुरू व्हावा. ८२ असेल तर सेटिंग ९३, पी१ म्हणजे फरक ५. ९३ला फॅन चालू, ८८ला बंद. पी१ कारखान्यातून २ असतो, तेवढ्यावर ठेवला तर रिले टकटक करत राहतो. पी५ हा मिनिटांचा उशीर, तो शून्यच हवा, पी६ (जास्त तापमानाचा इशारा) बंद. सेन्सर पाइपच्या बाहेरून असेल तर आकडा कमी करायचा: गाडी सावलीत उभी ठेवून इंजिन चालू सोडा, काटा नेहमीच्या जागेच्या किंचित वर गेला की बोर्डावर जो आकडा दिसेल तो सेटिंग. फॅन सतत चालत असेल तर आकडा थर्मोस्टॅटच्या खाली गेलाय, किंवा थर्मोस्टॅट जागेवरच नाही. सेन्सर वरच्या होजवर असल्यामुळे थर्मोस्टॅट उघडेपर्यंत आकडा हलत नाही, मग एकदम चढतो. घाबरू नका. हे सगळं बघताना रेडिएटरची टोपी उघडायची नाही. दाबामुळे आतलं पाणी शंभरच्या पुढेही पाणीच राहतं आणि टोपी फिरवताच वाफ होऊन चेहऱ्यावर येतं.

बोर्डाला द्यायचा सप्लाय हा दुसरा कच्चा दुवा. नाव १२ व्होल्टचं, पण चालू गाडीत साडेचौदापर्यंत व्होल्ट असतात आणि वर झटके. बोर्डावरच्या रेग्युलेटरवर एएमएस १११७ वाचलंत तर त्याची कमाल मर्यादा १५ व्होल्ट आहे. अर्ध्या व्होल्टाच्या सवलतीवर कुणी गाडीत काही लावत नाही. मधे एलएम २९४०-१२ टाका. हा गाडीसाठीच केलेला रेग्युलेटर, २६ व्होल्टपर्यंत काम करतो, बॅटरी उलटी लागली तरी मरत नाही आणि बाहेर १२ देतो. इनपुटला ०.४७ मायक्रोफॅरड आणि आउटपुटला किमान २२ मायक्रोफॅरड, अगदी पायाजवळ. आउटपुटचा कपॅसिटर टाळला तर तो थरथरतो. रेग्युलेटरच्या आधी १ अँपिअरचा फ्यूज. ७८१२ लावू नका, त्याला आउटपुटपेक्षा दोन व्होल्ट जास्त लागतात आणि हेडलाइट लावून ट्रॅफिकमध्ये उभं राहिलं की ते मिळत नाहीत. मोठ्या रिलेची कॉइल रेग्युलेटरवर नको, सरळ इग्निशनच्या सप्लायवर.

बोर्ड डॅशबोर्डखाली, केबिनमध्ये, पॅनलवाल्यांकडे मिळते तशा प्लॅस्टिकच्या डबीत. बोनेटखाली उष्णता आणि पाऊस दोन्ही. शेजारी एक एलईडी १ किलो-ओहमच्या रेझिस्टरसह फॅनच्या दोन टोकांना जोडून घ्या: आकडा सांगतो की फॅन चालायला हवा, एलईडी सांगतो की त्याला करंट मिळतोय. कसाऱ्याचा घाट चढताना दोन्ही समोर असले की बरं पडतं.

मूळ थर्मो स्विच अजून जिवंत असेल तर त्याचं वायरिंग कापू नका. दोन्ही वाटा फॅनवर समांतर राहू द्या, प्रत्येकीला स्वतःचा फ्यूज. स्विच जरा उशिरा जोडला जातो, पण बोर्ड दगा देईल त्या दिवशी तोच उपयोगी पडतो.

याऐवजी दुसरं काही? एक्सएच-डब्ल्यू ३००१ला तयार डबी आहे, दिसायला नीटस, पण त्याच तोंडवळ्याचे १२, २४ आणि २२० व्होल्टचे प्रकार शेजारीशेजारी विकले जातात. मागचं लेबल वाचूनच घ्या. एसटीसी-१००० फ्रिजच्या कामाचा. त्याची रेंज ९९ अंशांवर संपते आणि कूलिंगच्या रिलेला कंप्रेसरसाठी किमान एक मिनिटाचा उशीर आहे, तो शून्य करता येत नाही. घाटात एक मिनिट फार मोठं असतं. मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) लावून फॅनचा वेग कमीजास्त करणारा सर्किट सर्वांत देखणा. आवाज कमी, सुरुवातीचा झटका नाही, हेडलाइट मिचकत नाहीत. पण तिथे मॉस्फेटच्या गेटला (त्याला उघडणाऱ्या पायाला) दहा व्होल्ट हवेत. पाच व्होल्टवर आयआरएफझेड ४४ नीट उघडत नाही आणि हीटसिंकसकट भाजतो. मोटरवर उलटा शॉट्की डायोड फॅनच्या पूर्ण करंटचा लागतो, सिग्नलचा छोटा डायोड नव्हे. सोल्डरिंगचा हात बसला असेल त्यांनीच करावा, आणि त्यातही मॉस्फेट उघडा पडून मेला तर फॅन बंद, हा प्रश्न उरतोच.

ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) स्वतः फॅन चालवतो त्या गाडीत हा उद्योग नको. तिथे सेन्सर किंवा रिले बदला, कंट्रोलर नव्हे. पट्ट्यावरचा पंखा काढून इलेक्ट्रिक फॅन घालणाऱ्या जीपवाल्यांनी आधी भोवतीच्या आवरणासकट (श्राउडसकट) पूर्ण जाळी झाकणारा फॅन बघावा. छोट्या गाडीचा उचललेला फॅन डिझेल जीपला वणीच्या चढावर पुरत नाही आणि त्याचं खापर बिचाऱ्या बोर्डावर फुटतं. फॅनची प्लस-मायनस उलटी जोडली तर तो उलटा फिरतो आणि समोरून येणाऱ्या हवेशी भांडतो, हेही कागदाचा कपटा जाळीसमोर धरून बघून घ्यावं: इंजिनच्या बाजूला बसवलेल्या फॅनने तो जाळीला चिकटला पाहिजे.

बोर्डाला पाचपैकी साडेतीन. एक गुण सप्लायसाठी गेला, अर्धा त्या पांढऱ्या सॉकेटसाठी. घ्याल तेव्हा दोन घ्या, कुरिअरचा खर्च तोच पडतो. दुसऱ्यातही सगळी सेटिंग्ज भरून तो डॅशबोर्डच्या खणात ठेवा, पण सॉकेट उपसायची चाचणी त्याचीही वेगळी घ्या.